वरातीमागून मतदान : नोव्हा स्कॉशिया, १८६७

खाडीकाठ :

नोकरीच्या निमित्ताने कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या राजधानीत, हॅलिफॅक्सला, येऊन मला आता चार वर्षे झाली. कचेरीतून घरी जाताना वाटेत प्रॉव्हिन्स हाउस लागते. ही प्रांताच्या विधानसभेची दगडी इमारत १८१९ पासून उभी आहे आणि तिच्या आवारात जोसेफ हाउ यांचा पुतळा आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले की हे कॅनडाच्या संस्थापकांपैकी कोणी असावेत. प्रत्यक्षात कॅनडात सामील होऊ नये म्हणून ज्यांनी सगळा प्रांत पेटवला ते हे गृहस्थ, आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आत कॅनडाच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले तेही हेच. या दोन टोकांच्या मध्ये १८६७ ची प्रांतिक निवडणूक आहे. त्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे पानिपत झाले आणि नवे सरकार आले. ज्या कारणासाठी ते आले होते, ते मात्र जागचे हलले नाही. हा धागा त्याविषयी आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. १८६४ साली नोव्हा स्कॉशियाचे पंतप्रधान होते डॉ. चार्ल्स टपर. (प्रांताच्या प्रमुखाला तिथे ‘प्रीमियर’ म्हणतात, आपल्याकडेही १९३७ नंतर मुंबई प्रांतात पंतप्रधान असत, म्हणून तोच शब्द वापरतो.) त्या वर्षी सप्टेंबरात शार्लटटाउनला आणि ऑक्टोबरात क्वेबेकला परिषदा झाल्या आणि ब्रिटिश उत्तर अमेरिकेतील वसाहतींचे एक संघराज्य करण्याचा मसुदा ७२ ठरावांच्या रूपाने तयार झाला. टपर हा मसुदा घेऊन परतले आणि त्यांच्या लक्षात आले की घरचे वारे उलट दिशेने वाहत आहे.

शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये तर १८६५ च्या सुरुवातीला याच प्रश्नावर निवडणूक होऊन संघराज्यवादी टिली यांचे सरकार पडले. टपर यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला : निवडणूकच घ्यायची नाही. त्यांची विधानसभा १८६३ साली निवडून आलेली होती, तेव्हा संघराज्य हा निवडणुकीचा मुद्दाच नव्हता. पण तिची मुदत बाकी होती. एप्रिल १८६६ मध्ये विरोधी बाजूचे विल्यम मिलर यांनी अचानक पवित्रा बदलून लंडनला जाऊन नव्याने बोलणी करावीत अशी सूचना मांडली. टपर यांना हवे होते तेवढे निमित्त मिळाले आणि ३१ विरुद्ध १९ मतांनी ठराव मंजूर झाला. मार्च १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि १ जुलै रोजी नोव्हा स्कॉशिया कॅनडाचा प्रांत झाला. हॅलिफॅक्समध्ये एका बाजूला तोफा आणि पताका होत्या, तर दुसऱ्या बाजूला काही घरांवर सुतकाचे काळे कापड टांगलेले होते.

एवढे सगळे उरकल्यावर मतदारांना पाचारण करण्यात आले. १८ सप्टेंबर १८६७ रोजी एकाच दिवशी प्रांताच्या विधानसभेसाठी आणि राजधानी ओटावातील, कॅनडाच्या संसदेच्या कॉमन्स सभागृहासाठी मतदान झाले. विधानसभेच्या ३८ जागांपैकी ३६ जागा संघराज्यविरोधकांनी जिंकल्या. कॉमन्समधील प्रांताच्या १९ जागांपैकी १८ त्यांच्याकडे गेल्या आणि उरलेली एक कंबरलँडची जागा स्वतः टपर यांनी शंभराहून कमी मतांच्या फरकाने कशीबशी राखली.

आता सत्तांतराची गंमत पाहा. टपर यांनी केंद्रात जाण्यासाठी जुलैच्या आरंभीच प्रांताचे पद सोडले होते आणि हायरम ब्लँचर्ड यांच्या गळ्यात ती माळ पडली होती. निकालानंतर सुमारे सात आठवड्यांनी, ७ नोव्हेंबरला, त्यांच्या जागी विल्यम ॲनंड आले. हे ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या वृत्तपत्राचे मालक आणि हाउ यांचे तीस वर्षांचे सोबती. कंबरलँडमध्ये टपर यांच्याकडून निसटता पराभव पत्करलेले उमेदवारही तेच. म्हणजे इतक्या प्रचंड विजयानंतर जो पुढारी प्रांताचा प्रमुख झाला तो स्वतः पडलेला होता आणि विधान परिषदेच्या मागच्या दाराने सरकारात आला! महाराष्ट्रातील वाचकांना या दाराची ओळख करून द्यायला नको.

माझा मुद्दा असा आहे. सरकार बदलण्यासाठी निवडणुकीत जे जे घडावे लागते ते सर्व १८६७ मध्ये घडले. तरीही ॲनंड यांच्या हाती जे सरकार आले ते आतून रिकामे झालेले होते. आयात जकात हा प्रांताच्या उत्पन्नाचा मुख्य झरा होता, तो १ जुलैलाच ओटावाकडे वळवला गेला होता. टपाल, बंदरे, मासेमारी, दीपगृहे यांचा कारभारही गेला होता. उरल्या शाळा, रस्ते, न्यायालये आणि त्यांच्या खर्चासाठी मुख्यतः केंद्राकडून येणारे माणशी ८० सेंटचे अनुदान. मेंढीच्या कातड्याच्या भावाने आपल्याला विकले, असे विरोधक चिडून म्हणत, ते याच ८० सेंटांवरून.

जाणकारांनी भर घालावी, आणि हाउ यांच्याविषयी मते जरूर मांडावीत.

जुनीवही :

लेख आवडला. मात्र ‘टपर यांनी लोकांना विचारले नाही’ यावर तुम्ही जेवढा भर दिला आहे, तेवढाच दुसऱ्या बाजूवरही द्यायला हवा. त्या काळच्या ब्रिटिश संकेताप्रमाणे निवडून आलेले सभागृह आपल्या मुदतीत कोणताही निर्णय घेण्यास मुखत्यार होते. मतदार प्रतिनिधी निवडतो, प्रत्येक प्रश्नाचा निवाडा करत नाही, हीच तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. लंडनमध्ये वसाहत खात्यानेही हेच धरून ठेवले. शिवाय ज्या हाउ यांनी लोकांच्या संमतीचा झेंडा उभारला, त्यांच्याच सरकारने १८६३ मध्ये मतदानासाठी मालमत्तेची अट पुन्हा आणणारा कायदा केला होता. नोव्हा स्कॉशियात त्याआधी जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना मत होते. म्हणजे १८६७ च्या ‘जनतेच्या कौला’तून गरीब माणूस वगळला गेला होता, आणि स्त्रियांना तर कायद्याने आधीच मज्जाव होता.

दुसरे असे, की ३८ पैकी ३६ हा आकडा डोळे दिपवतो खरा, परंतु मतांमध्ये संघराज्यवाद्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. जागा आणि मते यांतील ही तफावत आपल्या ओळखीची आहे.

खाडीकाठ :

जुनीवही, मतांच्या वाट्याविषयीचा मुद्दा मान्य. तो मी लिहायला हवा होता. मालमत्तेच्या अटीबद्दलही आपण म्हणता ते बरोबर आहे, आणि त्यात नियतीचा एक फटकाही आहे. तो कायदा विधान परिषदेने लगेच लागू होऊ दिला नाही. त्यामुळे १८६३ ची निवडणूक जुन्याच विस्तृत यादीवर झाली, आणि ज्यांचे मत काढून घेण्याचे घाटत होते त्या लोकांनी हाउ यांच्या पक्षाला धूळ चारली. टपर यांना हवे ते करू देणारे बहुमत त्याच निवडणुकीतून आले.

मुखत्यारीच्या युक्तिवादाबद्दल मात्र मी सहमत नाही. नोव्हा स्कॉशियाला फेब्रुवारी १८४८ मध्ये उत्तरदायी शासन मिळाले, म्हणजे सभागृहाचा विश्वास असलेलेच मंत्रिमंडळ राज्य करील हे मान्य झाले. ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींमध्ये हा मान पहिला. सभागृह कायदे करते, ते बदलते, चुकले तर पुढचे सभागृह दुरुस्त करते. येथे सभागृहाने स्वतःचेच अधिकार कायमचे दुसऱ्याच्या हवाली केले आणि पुढच्या सभागृहाला दुरुस्तीची सोयच ठेवली नाही. कुळाने शेत कसणे वेगळे आणि कुळाने शेत विकून टाकणे वेगळे.

पाटावरची :

मला प्रत्यक्ष मतदान कसे होत असे, याची उत्सुकता आहे. मतपत्रिका होत्या का?

खाडीकाठ :

नव्हत्या, पाटावरची. नोव्हा स्कॉशियात गुप्त मतदान १८७० साली आले. १८६७ मध्ये मत तोंडी आणि जाहीर होते. मतदार केंद्रावर अधिकाऱ्यासमोर उभा राहून कोणाला मत देतो ते मोठ्याने सांगे आणि लेखनिक वहीत त्याच्या नावासमोर ते लिहून घेई. उमेदवारांची माणसे शेजारीच असत, त्यामुळे कोण किती मतांनी पुढे आहे याचा हिशेब दिवसभर चालू राही. किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याची कल्पना करा. मीठ, जाळी, पीठ तो ज्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलतो आणि हंगामाअखेर मासळी ज्याच्या वखारीत टाकतो, तोच व्यापारी चार पावलांवर उभा राहून ऐकत असू शके. त्या दिवशी तर प्रत्येकाला प्रांतासाठी एक आणि ओटावासाठी एक असा दोनदा हा उच्चार करायचा होता.

जागांची वाटणीही सांगून ठेवतो. प्रांतात १८ जिल्हे होते. हॅलिफॅक्स आणि पिक्टू यांना प्रत्येकी तीन, बाकीच्या सोळांना प्रत्येकी दोन, अशा ३८ जागा. आधीच्या विधानसभेत त्या ५५ होत्या. संघराज्यवाद्यांना मिळालेल्या दोन जागांपैकी एक खुद्द ब्लँचर्ड यांची इन्व्हर्नेसची होती, आणि पुढे त्यांची तीही निवड रद्द ठरून पोटनिवडणुकीत ते हरले.

दर्यावर्दी :

सगळा दोष घटनात्मक अन्यायाला देऊन चालणार नाही. माझा संबंध जहाजांशी असल्याने मी पैशाच्या बाजूने पाहतो. त्या काळी हा प्रांत लाकडी शिडाच्या जहाजांवर जगत होता. गलबते बांधायची, त्यांतून मासळी आणि लाकूड वेस्ट इंडीजला व अमेरिकेला न्यायचे, परतीला साखर, काकवी, रम आणायची. त्यांचे तोंड समुद्राकडे होते. माँट्रियल आणि टोरांटो त्यांच्या पाठीमागे, जंगलापलीकडे होते, आणि तिकडे जायला सलग रेल्वेसुद्धा नव्हती. इंटरकलोनियल रेल्वे पूर्ण झाली ती १८७६ मध्ये.

अशा माणसांना १० टक्क्यांच्या आसपासची स्वतःची जकात सोडून कॅनडाची १५ टक्क्यांची जकात स्वीकारा, असे सांगितले गेले. त्यात अमेरिकेबरोबरचा १८५४ चा परस्पर व्यापार करार मार्च १८६६ मध्ये संपुष्टात आलेला. यार्मथसारख्या जहाजमालकांच्या गावात विरोध का पेटला आणि कोळसा असलेल्या किंवा रेल्वेची वाट पाहणाऱ्या कंबरलँड-पिक्टू भागात संघराज्याला जरा बरा पाठिंबा का होता, हे एवढ्यावरून समजते.

टपर यांच्यावरचा राग तर शाळांमुळेही होता. १८६४ आणि १८६५ च्या कायद्यांनी त्यांनी मोफत शाळा सुरू केल्या आणि त्यासाठी सक्तीची करआकारणी बसवली. शाळा सर्वांना हवी असते, कर कोणालाच नको असतो. संघराज्याचा प्रश्न नसता तरी १८६७ मध्ये टपर यांच्या पक्षाला ही निवडणूक जड गेली असती, असे माझे मत आहे.

जुनीवही :

दर्यावर्दी यांच्याशी सहमत. आणि ॲनंड यांच्या सरकारने तो शाळांचा कायदा रद्द केला नाही, हेही नमूद करावे. विरोधात असताना ज्या करावर मते मागितली तो कर सत्तेत आल्यावर गोड लागू लागतो.

मांडवीतीर :

मी पणजीचा, म्हणून मला हे वाचताना आमच्या जनमत कौलाची आठवण होणे साहजिक आहे. योगायोग असा की बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे. गोव्यात डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला होता. भाऊसाहेब बांदोडकर यांना टपर यांच्यासारखे म्हणता आले असते की आमच्याकडे बहुमत आहे, विधानसभेत ठराव करू आणि विषय संपवू. तसा आग्रह होताही. पण संसदेने वेगळा कायदा करून थेट लोकांना विचारायचे ठरवले, कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि १६ जानेवारी १९६७ रोजी फूल की दोन पाने असा कौल घेतला गेला. दोन पानांना, म्हणजे संघप्रदेश राहण्याला, १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. आणि दोन-तीन महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी पुन्हा मगो पक्षालाच सत्ता दिली!

आमच्या घरात तेव्हा एक फूल आणि एक दोन पाने होती, त्यामुळे जास्त बोलत नाही. मुद्दा एवढाच की सरकार कोणाचे असावे आणि आपला प्रदेश कोणाचा असावा हे दोन प्रश्न लोक वेगळे करू शकतात, फक्त ते वेगवेगळे विचारायला हवेत. नोव्हा स्कॉशियात दोन्ही प्रश्न एकाच दिवशी आणि तेही उशिरा विचारले गेले.

खाडीकाठ :

मांडवीतीर, ही तुलना मला सुचली नव्हती. दर्यावर्दी यांच्या शंकेलाही, म्हणजे मते संघराज्याविरुद्ध होती की शाळांच्या कराविरुद्ध, यातून उत्तर मिळते : प्रश्न वेगळा विचारला नाही म्हणून ते आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता विजयानंतर काय झाले ते सांगतो. नव्या विधानसभेने १८६८ च्या फेब्रुवारीत संघराज्यातून मुक्त करण्याची मागणी करणारे ठराव केले आणि हाउ, ॲनंड आदींचे शिष्टमंडळ लंडनला रवाना झाले. तिकडे त्यांच्या पाठोपाठ टपरही पोहोचले. वसाहतमंत्री ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी मागणी फेटाळली. ब्रिटिश संसदेत खासदार जॉन ब्राइट यांनी निदान चौकशी आयोग तरी नेमावा असा ठराव जूनमध्ये मांडला, तो ८७ विरुद्ध १८३ मतांनी पडला. साम्राज्याला आपल्या खर्चाने सांभाळाव्या लागणाऱ्या सुट्या वसाहतींपेक्षा एक सलग कॅनडा सोयीचा होता. ३८ पैकी किती जागा कोणाला मिळाल्या याच्याशी लंडनला कर्तव्य नव्हते. १८६४-६५ मध्ये हॅलिफॅक्सला असलेले गव्हर्नर मॅकडॉनेल यांना संघराज्य पसंत नव्हते, तेव्हा त्यांची बदली थेट हाँगकाँगला झाली. त्यांच्या जागी आलेले विल्यम्स याच प्रांतात जन्मलेले, पण लंडनची इच्छा पार पाडायला आलेले.

पाटावरची :

मग हाउ फुटले, असेच ना? इतके वाचून त्यांच्याविषयी मला तरी आदर वाटत नाही. लोकांना झाडावर चढवले आणि स्वतः फांदी सोडून दिली.

जुनीवही :

‘फुटले’ हा शब्द मला कठोर वाटतो. ऑगस्ट १८६८ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान मॅकडोनाल्ड स्वतः हॅलिफॅक्सला आले आणि त्यांनी हाउ यांची भेट घेतली. हाउ यांच्यापुढे तेव्हा तीनच वाटा होत्या : सशस्त्र प्रतिकार, अमेरिकेत विलीन होण्याची चळवळ किंवा वाटाघाट. आयुष्यभर स्वतःला ब्रिटिश प्रजाजन म्हणवण्यात अभिमान मानणाऱ्या माणसाला पहिल्या दोन वाटा शक्यच नव्हत्या. जानेवारी १८६९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील पोर्टलंडला कॅनडाचे अर्थमंत्री रोझ यांच्याशी बोलणी केली. प्रांताच्या कर्जाचा जो भाग केंद्राने उचलायचा होता तो ८० लाख डॉलरांवरून जवळपास ९१ लाख ८९ हजारांवर गेला आणि दहा वर्षे दरसाल ८२,६९८ डॉलरांचे जादा अनुदान पदरात पडले. ॲनंड यांच्या सरकारने ठरावांवर ठराव केले, त्यांतून प्रांताला एक सेंटही मिळाला नव्हता.

पाटावरची :

वाटाघाट करा, पण त्यासाठी मंत्रिपद कशाला घ्यायचे? बोलणी संपवून घरी गेले असते तर मी माझे शब्द मागे घेतले असते.

खाडीकाठ :

मॅकडोनाल्ड यांचा आग्रह होता की करार टिकायचा असेल तर हाउ यांनी मंत्रिमंडळात आले पाहिजे, आणि तो आग्रह चतुरपणाचा होता. हाउ आत आले की चळवळीचा कणा मोडणार हे त्यांना ठाऊक होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मंत्रिपद घेतल्यावर हाउ यांना आपल्या हँट्स मतदारसंघातून पुन्हा निवडून यावे लागले. भर हिवाळ्यात, वयाची चौसष्टी गाठल्यावर गावोगाव जुन्याच मित्रांविरुद्ध प्रचार करताना त्यांची प्रकृती जी ढासळली ती पुन्हा सुधारली नाही. एप्रिल १८६९ मध्ये ते जिंकले. ॲनंड आणि त्यांच्या ‘क्रॉनिकल’ने तीस वर्षांची मैत्री बाजूला ठेवून त्यांच्यावर कडक टीका केली. मे १८७३ मध्ये हाउ यांना नोव्हा स्कॉशियाचे लेफ्टनंट गव्हर्नर नेमण्यात आले आणि काही आठवड्यांतच, १ जून रोजी, गव्हर्नरांच्या निवासस्थानी ते वारले. पाटावरची, आपला आक्षेप तरीही राहतोच, हे मी मान्य करतो. पुतळ्यासमोरून जाताना माझेही मत आठवड्यातून एकदा बदलते.

दर्यावर्दी :

ॲनंड यांचे पुढे काय झाले? निदान ते तरी शेवटपर्यंत ठाम राहिले का?

खाडीकाठ :

१८७१ च्या निवडणुकीत ते सत्तेवर टिकले, पण बहुमत बरेच घटले होते आणि संघराज्य मोडण्याची भाषा सरकारी कागदांतून हळूहळू नाहीशी झाली होती. १८७५ मध्ये त्यांनी प्रांताचे पद सोडले आणि लंडनची बोट पकडली. तिकडे त्यांना नोकरी मिळाली होती, कॅनडा सरकारच्या प्रतिनिधीची.